हात न धरता करायचा नाच

सासूबाईंची चाल मी कानांनी ओळखायला शिकले होते. उजवं पाऊल लांब पडायचं, डावं आखूड. गुरू, लघु, गुरू, लघु, आणि मधे वॉकरच्या रबरी बुडांचा दबका ठोका. ही लय घरात फिरत असली की माझी बोटं कीबोर्डवर चालत. ती थांबली की बोटंही थांबत, आणि मी श्वास रोखून पुढच्या आवाजाची वाट पाहत असे. नळाची धार, कपाची किणकिण, खुर्चीची कुरकुर, काहीही चाललं असतं. तो आवाज येईपर्यंतच्या पोकळीत मी त्यांना कितीदा तरी जमिनीवर पडलेलं पाहिलं आहे.

मिरजेला त्या एकट्या राहत. एके सकाळी नळाला पाणी आलं म्हणून लगबगीनं उठल्या आणि मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी बसली. घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की या वेळी निभावलं. पुन्हा पडल्या तर त्या पायावर उभ्या राहतील अशी आशा धरू नका. नवरा मरीन इंजिनिअर. त्यानं आईला परदेशात, सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, बाथरूमच्या भिंतींना धरायचे दांडे बसवून घेतले, आणि लगेचच जहाजावर रुजू व्हायला निघाला. दारात बूट घालता घालता म्हणाला, "आईला पडू देऊ नकोस." त्यानं ते सहज म्हटलं. मी ते अंगाला बांधून घेतलं.

त्यानंतर घरातली प्रत्येक गुळगुळीत गोष्ट माझी वैरी झाली. फोडणीतून उडालेला तेलाचा थेंब, फरशी पुसल्यावरचा लिंबाच्या वासाचा ओलावा, दुपारच्या सरीनंतर दाराबाहेरच्या उघड्या कॉरिडॉरमध्ये साचलेली पाण्याची पातळ काच. मी अनवाणी चालून फरशी तळव्यांनी वाचत असे. सासूबाईंना हे कळत होतं. त्या एकदा म्हणाल्या, "अगं, तू माझ्यापुढं अशी चालतेस, जशी मी पालखीतच बसले आहे." मी हसले, पण तळव्यांनी फरशी चाचपणं काही सोडलं नाही.

सकाळी त्या खाली फिरायला जात. लिफ्टपर्यंत मी सोडायची, नंतर माझ्या ऑफिसच्या मीटिंग सुरू होत. एक दिवस त्या मोबाइल घरीच विसरल्या म्हणून मी तो द्यायला खाली गेले. पहाटेपासून आकांत करणारे कोकीळ नुकते थकले होते आणि आवारातल्या चाफ्याला रात्रीच्या पावसाचा गार, गोडसर वास होता. ब्लॉकसमोरच्या छोट्या फरसबंद पटांगणात गाणं वाजत होतं. आधी मला वॉकर दिसला. तो एका खांबाला टेकवून ठेवलेला होता, त्याच्या दांड्याला सासूबाईंची कापडी पिशवी लटकत होती. त्या वॉकरजवळ नव्हत्या.

त्या दुसऱ्या रांगेत होत्या. पदर खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, कोपरं वाकवलेली, आणि कंबर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरते आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: वाकलं तर चालेल, कंबरेतून पिळायचं नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेनं त्यांनी मान वळवली असती, मानेबरोबर तोल गेला असता. मी फोन छातीशी धरून गाणं संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.

समोर नाच शिकवणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे असावेत. काळे रंगवलेले केस तेल लावून मागे वळवलेले, सकाळच्या दमट हवेतही इस्त्रीची धार टिकवून असलेला चमकदार शर्ट, पांढरे बूट. आवाज खरखरीत, पण खोल; वाजणाऱ्या गाण्यावर ते स्वतः गात आणि त्यांच्या आवाजाखाली ते ध्वनिमुद्रण पातळ वाटायचं. सगळ्या त्यांना अंकल म्हणत. साठच्या दशकात ते इथले नावाजलेले रॉक अँड रोल गायक होते, हे मला मागच्या रांगेतल्या एका मलय बाईंनी सांगितलं. ट्विस्ट, म्हणजे हा कंबर फिरवायचा नाच, काही त्यांनी शोधला नव्हता. परदेशी तबकड्यांवरून त्यांनी तो उचलला आणि इथल्या पायांत सोडला. रविवारच्या दुपारी हॉलमध्ये चहाबरोबर नाच चालत, तिथं ते गात. मग लग्नांत, जत्रांत, शिपयार्डच्या कामगारांच्या सुटीत, जिथं तिथं लोक कंबर फिरवू लागले. "माझी आई कपडे धुताना करायची," त्या बाई म्हणाल्या. "आजीनं तिला झाडूनं मारलं होतं."

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "आई, तुम्हाला कंबरेतून पिळायला मनाई आहे."

"मी कुठं पिळते? ताक घुसळताना रवी फिरते तेवढीच फिरते."

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं."

"डॉक्टर मिरजेला. खुबा माझ्याजवळ."

"मग मी जहाजावर कळवते."

"कळव की. तो काय समुद्रातून पोहत येणार आहे?" लिफ्टचं दार उघडलं. बाहेर पडताना त्या वॉकरशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "चल बाबा. सूनबाई रागावल्यात."

मी त्यांना थांबवू शकले नाही, म्हणून त्यांच्यासोबत जाऊ लागले. मीटिंग पुढे ढकलल्या. पटांगणाच्या कडेला दगडी बाक होता, त्यावर बसून मी पाहत असे. बाकीच्या बायकांना नाच दिसत असेल. मला फक्त डावा पाय दिसे. त्याची टाच, घोटा, गुडघा, आणि साडीआड कुठंतरी हाडाला धरून बसलेली ती पट्टी. कंबर वळली की माझा जबडा आवळला जाई. घरी परतल्यावर दाढा दुखत.

अंकल अधूनमधून माझ्या शेजारी दम खायला बसत. त्यांच्या अंगाला केसांच्या तेलाचा आणि कडक कॉफीचा वास येई. त्यांचं इंग्रजी इथल्या सगळ्यांसारखं, शेवटी 'ला' लावत पुढं सरकणारं. एकदा ते म्हणाले, "आमच्या वेळी मुलानं मुलीचा हात धरून नाच केला तर तिचा बाप काठी घेऊन यायचा ला. मी म्हटलं, मग हात धरायचाच नाही. समोरासमोर उभं राहायचं, आपापलं फिरायचं. बाप काय बोलणार?"

सासूबाई आयुष्यभर टपाल खात्यात खिडकीवर बसलेल्या. इंग्रजी त्यांना पुरेसं येई. त्या हसल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "हुशार आहे मेला." मग त्यांच्याकडे वळून इंग्रजीत, "आमच्यात उलटं. आमच्या नाचात हात सोडला की दोघी भिंतीवर."

तिथून फुगडीचा विषय निघाला.

कम्युनिटी क्लबमध्ये वस्तीतल्या लोकांचा कार्यक्रम होणार होता. अंकलना त्यांच्या वर्गाचं एक गाणं बसवायचं होतं: मधे ट्विस्ट, आणि प्रत्येकीनं आपापल्या गावाचं थोडं काही घालायचं. एक चिनी बाई पंखा घेऊन आल्या, एका तमिळ बाईंनी टाळ्यांचा फेर दाखवला. सासूबाईंनी फुगडी सांगितली. समोरासमोर, चवडे चवड्यांना भिडवून, हातांची अढी घालून मागे झुकायचं आणि गरगर फिरायचं. दोघींचं वजन एकमेकींच्या हातांवर. मिरजेतल्या मंगळागौरींत त्या फुगडीला उभ्या राहिल्या की समोर यायला कुणी धजत नसे, असं त्यांच्या नणंदेनं मला कधीतरी सांगितलं होतं.

"उड्या नाही मारणार," त्या मला म्हणाल्या. "नुसतं सावकाश फिरायचं. म्हाताऱ्यांची फुगडी."

"कुणाबरोबर?"

"या अंकलबरोबरच. बाकीच्या बायकांना जमेना, हसत सुटतात. याला लयीचं अंग आहे."

मी अंकलना गाठलं, सासूबाईंच्या खुब्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "आय होल्ड हर," ते म्हणाले. "डोंट वरी ला." त्यांचे तळवे रुंद होते, बोटं मजबूत. त्या बोटांवर अविश्वास ठेवावा असं काहीच मला सापडलं नाही, आणि तरीही मी बाकाच्या अगदी कडेवर जाऊन बसले.

सुरुवात खरोखर सावकाश झाली. सासूबाईंनी हातांची अढी घालायला शिकवलं, चवडे जुळवले, "आता मागे रेला," म्हणाल्या. ते रेलले. त्या रेलल्या. गाणं सुरू झालं आणि दोन म्हातारी डोकी एका अदृश्य खुंट्याभोवती फिरू लागली. बायका टाळ्या देऊ लागल्या. पण फुगडीला स्वतःचा वेग असतो. वजन एकदा मागे गेलं की ती ओढ पायांचं ऐकत नाही. बुटांच्या रबराचा फरशीवर घासण्याचा आवाज बारीक होत गेला. सासूबाईंचा अंबाडा सुटला. त्यांचा चेहरा एकदा माझ्याकडे येई, एकदा दूर जाई, आणि दर फेरीला तो मला जास्त तरुण आणि जास्त परका दिसत होता. मी कधी उभी राहिले ते आठवत नाही. हाक मारायची नव्हती, धावायचं नव्हतं. मी नुसती पाहत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या केव्हाच पडलेल्या होत्या.

ढोलाच्या एका ठोक्यानं गाणं संपलं, आणि अंकलचे हात वर गेले.

साठ वर्षं प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते असेच वर गेले असणार. प्रत्येक हॉलमध्ये, प्रत्येक मांडवात, शेवटचा ठोका आणि आभाळाकडे उघडलेले दोन तळवे. हात न धरता करायच्या नाचात त्यानं कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. फुगडीत संगीत संपलं म्हणून कुणी हात सोडत नाही. आधी वेग उतरवायचा, मग पाय, शेवटी हात. त्यांनी आपलं सगळं वजन विश्वासानं मागे टाकलेलं होतं.

पडण्याचा आवाज मी इतके महिने मनात ऐकत आले होते. खरा आवाज त्याहून मऊ होता, ओल्या कपड्यांचा पिळा बादलीत टाकावा तसा. त्या मलय बाई मागून पुढं झेपावल्या होत्या. सासूबाई निम्म्या त्यांच्या मांडीवर आणि निम्म्या फरशीवर पडल्या. अंकल दोन पावलं मागे हेलपाटून उभे होते; त्यांचे हात अजून वरच होते. मग ते हळूहळू खाली आले आणि त्यांनी ते असे पाहिले, जसे कुणी दुसऱ्याचे हात त्यांच्या बाहीत घातले असावेत.

ॲम्ब्युलन्समध्ये सासूबाईंनी माझा हात धरला होता. इतका घट्ट, की अंगठी बोटात रुतली. हॉस्पिटलच्या थंडगार हवेला निर्जंतुक द्रवाचा तिखट वास होता. पलीकडच्या रांगेत अंकल चमकदार शर्टातच बसून होते, गुडघ्यांवर तळवे पालथे ठेवून. एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं की दोघंही अर्धवट उठत असू.

तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ते हाड दाखवलं. पट्टी जागच्या जागी होती. नवीन काही मोडलेलं नव्हतं, फक्त मुका मार. "उद्यापासून चालवा त्यांना," त्या म्हणाल्या. मला वाटलं, भीतीचा शेवट असा असतो: राखाडी पडदा, पांढरी रेघ, आणि कुणा अनोळखी माणसाचं साधं वाक्य.

पण उद्या त्या चालल्या नाहीत. परवाही नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. बाथरूमला जायचं झालं की मला हाक मारत आणि दोन्ही हातांनी माझा दंड पकडून, फरशी पाहत, एकेक पाऊल घासत नेत. वॉकरची पिशवी त्यांनी काढून ठेवायला सांगितली. गुरू-लघुचा ठेका घरातून गेला. आता माझी बोटं कीबोर्डवर दिवसभर न अडखळता चालत होती, आणि त्या अखंड टकटकीची मला किळस येऊ लागली.

अंकल भेटायला आले. पांदानच्या पानांच्या वासाचा हिरवा केक डब्यात घालून आणला होता. बूट दाराबाहेर काढले, पण उंबऱ्याच्या आत फारसे आले नाहीत. "गाणं संपलं की हात आपोआप जातात," ते म्हणाले. "मला कळलंच नाही, मॅडम."

"नो प्रॉब्लेम," सासूबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "त्याला सांग, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. पण मी आता यायची नाही."

जहाजावरून फोन आला तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगितलं. समुद्रावरून येणारा त्याचा आवाज नेहमी जरा उशिरा पोचतो. त्या वेळी तो उशीर मला फार लांब वाटला. मग तो म्हणाला, "लागलं नाही ना? मग बरंच झालं. आता तरी शांत बसेल ती."

ते वाक्य माझंच होतं. बाकावर बसून मी रोज तेच मागितलं होतं. घरी तपासायला आलेल्या थेरपिस्टनं त्यांच्या मांडीवर अंगठा दाबून पाहिला आणि मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, की स्नायू वाळायला लागले आहेत; अशाच बसून राहिल्या तर पडायची गरजच उरणार नाही, त्या खुर्चीतच राहतील.

दुपारी मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. "आई, नुसतं कॉरिडॉरपर्यंत. मी धरते."

"धरतेस, पण तुझा हात थरथरतो."

"तुम्हाला लागलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या ना?"

पंख्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुला खरं सांगू? पडले त्याचं काही नाही. मिरजेला पडले होते, पुन्हा उठले. पण त्या दिवशी फिरताना दर फेरीला तुझं तोंड दिसत होतं मला. मी पडायच्या आधीच तू मला पडलेलं पाहिलं होतंस. आता उठायला गेले की तेच तोंड पुढं येतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुझा दोष नाही ग. पण मला दिसतं."

मी उठून चहा ठेवला, आणि आलं किसताना हातातली किसणी वाजत राहिली.

अंकलचा डबा परत द्यायचा होता. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे खोबऱ्याच्या वड्या केल्या. त्या खुर्चीत बसून पाक कितपत दाट झाला ते विचारत होत्या. सकाळी मी डबा घेऊन खाली गेले. "मी येतेच, तुम्ही उठू नका हं," असं म्हणायची सवय होती. त्या दिवशी मी ते ओठांवरून परत गिळलं, आणि लोखंडी जाळीचं दार नुसतं लोटून घेतलं.

पटांगणात वर्ग चालू होता, पण पातळ. अंकलनी ते बसवलेलं गाणं रद्द केलं होतं. माझ्या हातातला डबा घेऊन त्यांनी सासूबाईंबद्दल नजरेनंच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या रांगेतली एक जागा मोकळी होती, कुणी तिथं उभं राहत नव्हतं. ते त्या जागेकडे पाहत होते. मीही.

मी चपला काढल्या आणि तिथं जाऊन उभी राहिले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. कदाचित बाकावर पुन्हा बसवत नव्हतं, इतकंच. अंकलनी गाणं लावलं. मी कोपरं वाकवली, कंबर फिरवायला गेले, आणि कळलं की माझ्या अंगातला एकही सांधा सुटा नाही. खुबा हा शब्द मी इतके महिने दुसऱ्याच्या शरीरासाठी वापरत होते. आता तो माझ्यात करकरला. फरशी गार होती, थोडी ओली. मी घसरेन, मला वाटलं. मी पडेन. मागून मलय बाईंचं दाबलेलं हसू ऐकू आलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. आमच्या दुसऱ्या मजल्यावरून, स्पष्ट, टपाल कार्यालयाच्या खिडकीतून रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जावा तसा.

"अगं, गुडघे वाकव की जरा. दीपमाळेसारखी काय उभी आहेस?"

खुर्चीतून पटांगण दिसत नाही. ते दिसायला खुर्चीतून उठावं लागतं, बैठकीची खोली ओलांडावी लागते, जाळीचं जड दार ओढावं लागतं, आणि उंबऱ्यावरून पाय उचलून कॉरिडॉरच्या कठड्यापाशी यावं लागतं. पहाटे पाऊस झाला होता. कॉरिडॉर अजून वाळलेला नसणार. त्यांच्याजवळ कुणीही नव्हतं.

पुढचे लोक वर पाहत होते. अंकल वर पाहत होते. मी मान वर केली नाही. केली असती तर माझं तोंड त्यांना दिसलं असतं, आणि ते अजून तेच होतं.

मी गुडघे वाकवले.

"आणखी," त्या म्हणाल्या.